पेट्रोलवरचा कर रस्त्यावर जातो, पण कोणत्या?

पहिला मोठा पाऊस झाला की मुंबईत एक वाक्य हमखास कानावर पडतं. "रोड टॅक्स भरतो, टोल भरतो, पेट्रोलवर एवढा कर भरतो, मग रस्त्याला खड्डे का?" प्रश्न रास्त आहे. "पैसे खाल्ले" एवढंच त्याचं उत्तर देऊन आपण मोकळे होतो, आणि कंत्राटांमधली लबाडी खोटी नाहीच. पण समजा उद्या सगळी कंत्राटं स्वच्छ झाली, तरी एक अडचण जागच्या जागी राहील. खड्डा ज्याच्या अखत्यारीत येतो त्याच्याकडे पेट्रोलचा कर जात नाही, आणि कर ज्याच्याकडे जातो त्याचा तो रस्ता नसतो. इंधनकरावरून पक्षापक्षांत चालणारं भांडण समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

आधी एका लिटरकडे पाहू. किराणा दुकानाच्या बिलावर केंद्राचा जीएसटी किती, राज्याचा किती, हे वेगवेगळं छापलेलं असतं. पेट्रोल पंपाच्या पावतीवर दर, लिटर आणि रक्कम एवढंच असतं. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर ठेवलं गेलं. त्यामुळे केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असे दोन जुने कर अजून चालू आहेत, आणि दोन्ही दरात मुरलेले असल्यामुळे दिसत नाहीत.

२०२५ साली मुंबईत पेट्रोल लिटरला साडेएकशे तीन रुपयांच्या आसपास होतं. त्यात केंद्राचे, एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर, २१ रुपये ९० पैसे. राज्याचे २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, म्हणजे अंदाजे २५ रुपये. शंभरातले पंचेचाळीस रुपये कराचे, असं ढोबळ मानाने म्हणता येईल. दर बदलत राहतात, पण मांडणी हीच असते.

केंद्राच्या त्या २१ रुपये ९० पैशांच्या आत चार वेगळे कर होते. मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ४० पैसे. विशेष अतिरिक्त शुल्क १३ रुपये. शेती पायाभूत सुविधा उपकर अडीच रुपये. आणि रस्ते व पायाभूत सुविधा उपकर ५ रुपये. रस्त्याच्या नावाने गोळा होणारे पैसे ते हे शेवटचे पाच. बाकीचे सतरा रुपये देशाच्या सर्वसाधारण तिजोरीत किंवा दुसऱ्या कामाच्या नावावर जात होते.

हे चार तुकडे का करायचे? कारण राज्यघटनेनुसार केंद्राला करांचा वाटा राज्यांना द्यावा लागतो, पण उपकर (ठरावीक कामासाठीचा कर) आणि अधिभार (वर लावलेला जादा कर, विशेष अतिरिक्त शुल्क त्यातच मोडतं) यांना त्यातून सूट आहे. चारपैकी फक्त पहिला तुकडा, १ रुपया ४० पैसे, वाटणीत येतो. पंधराव्या वित्त आयोगाने सगळ्या राज्यांचा मिळून वाटा ४१ टक्के ठरवला होता, म्हणजे लिटरमागे ५७ पैसे. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३ टक्के. दादरच्या पंपावर एखाद्याने एक लिटर पेट्रोल भरलं, केंद्राला २१ रुपये ९० पैसे गेले, तर या वाटणीतून महाराष्ट्राकडे परत येतात साडेतीन पैशांच्या जरा वर. रस्ते निधीतून आणि इतर योजनांतून राज्याला वेगळे पैसे मिळतात हे खरं. पण हक्काचा वाटा आणि दिल्लीने मंजूर केलेला निधी यांत फरक आहे. राज्यांची तक्रार, सत्तेत कोणीही असो, मुळात याच फरकाबद्दल असते.

गॅलनला दोन आणे

इंधनकरातून रस्ते बांधायचे ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे, आणि तिच्याशी मुंबईच्या एका माणसाचं नाव जोडलेलं आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९२७ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. समितीने पुढच्या वर्षी अहवाल दिला. रस्त्यांचा खर्च आता प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेला आहे, मोटारी वाढल्या आहेत, तेव्हा पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा वेगळा ठेवून रस्त्यांवरच खर्च करा, असं त्याचं सार होतं. १९२९ मध्ये गॅलनला दोन आणे असा कर लागला आणि रस्ते निधी उभा राहिला. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की निधीचा मोठा भाग ज्या प्रांतात जितकं पेट्रोल खपेल त्या प्रमाणात त्या प्रांताला परत जायचा. जिथे कर भरला तिथे रस्ता, इतका साधा हिशेब.

स्वातंत्र्यानंतर ही व्यवस्था बरीच वर्षं ढिली पडली होती. अटलबिहारी वाजपेयींच्या काळात ती पुन्हा घट्ट बांधली गेली. १९९८ मध्ये पेट्रोलवर आणि १९९९ मध्ये डिझेलवर लिटरला एक रुपया उपकर आला, आणि २००० साली केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला. डिझेलवरच्या उपकरातला निम्मा ग्रामीण रस्त्यांना, उरलेल्यातून राष्ट्रीय महामार्ग, रेल्वेवरचे पूल आणि राज्यांचे रस्ते, अशी टक्केवारी कायद्यातच लिहिलेली होती. सुवर्ण चतुष्कोन आणि प्रधानमंत्री ग्रामसडक योजना यांच्यामागे हा पैसा होता. इंधनावर कर लावून लोकांना समोर रस्ता दाखवता आला, असा आपल्या इतिहासातला हा बहुधा सर्वांत चांगला काळ.

मग २०१८ चा अर्थसंकल्प आला. पेट्रोलवरचा सहा रुपयांचा जुना रस्ते उपकर काढला, मूळ शुल्क दोन रुपयांनी कमी केलं आणि त्या जागी आठ रुपयांचा नवा उपकर लावला. सहा अधिक दोन, आठ. पंपावरचा दर एका पैशानेही हलला नाही, म्हणून कोणाचं फारसं लक्षही गेलं नाही. पण राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या खात्यातले दोन रुपये न वाटण्याच्या खात्यात गेले. त्याच वेळी निधीच्या नावात 'पायाभूत सुविधा' हे शब्द जोडले गेले आणि त्याचा पैसा रेल्वे, जलमार्ग, पाणीपुरवठा, अगदी शाळा-रुग्णालयांसारख्या सामाजिक सुविधांवरही वापरता येईल अशी तरतूद झाली. ही कामं वाईट नाहीत, पण 'रस्त्यासाठी' म्हणून गोळा केलेल्या पैशाचा अर्थ तिथे पातळ झाला, असं माझं मत आहे.

पुढची उलथापालथ करोनाच्या काळातली. मे २०२० मध्ये जगात कच्चं तेल कोसळलं होतं. केंद्राने एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढवले, त्यातले आठ-आठ रुपये रस्ते उपकराचे. तो उपकर १८ रुपयांवर पोहोचला. २०२०-२१ या एका वर्षात पेट्रोलियम पदार्थांवरच्या उत्पादन शुल्कातून केंद्राला सुमारे ३ लाख ७३ हजार कोटी मिळाले. नंतर मे २०२१ अखेर मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, ओरड झाली, आणि नोव्हेंबर २०२१ व मे २०२२ मध्ये कपात करावी लागली. ही कपात जवळजवळ पूर्णपणे रस्ते उपकरातूनच केली गेली. पेट्रोलवर तो १८ चा १३ झाला, मग ५. केंद्राच्या बाजूने याचं एक समर्थन आहे आणि ते नोंदवायला हवं. उपकर राज्यांबरोबर वाटला जात नाही, त्यामुळे कपातीचा बोजा केंद्राने एकट्याने उचलला, असं सांगितलं गेलं. ते बरोबरच आहे, फक्त त्याआधीच्या वाढीचा फायदाही केंद्राने एकट्यानेच घेतला होता.

दोन सरकारं, एक लिटर

२७ एप्रिल २०२२ रोजी पंतप्रधानांनी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत काही राज्यांची नावं घेतली. केंद्राने नोव्हेंबरमध्ये कर कमी केला, तुम्ही व्हॅट कमी केला नाही, असा त्याचा रोख होता. त्या यादीत महाराष्ट्र होता. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याच दिवशी मुंबईच्या दराचा हिशेब मांडला. डिझेलच्या लिटरमागे केंद्राला २४ रुपये ३८ पैसे, राज्याला २२ रुपये ३७ पैसे. पेट्रोलवर केंद्राला ३१ रुपये ५८ पैसे, राज्याला ३२ रुपये ५५ पैसे. शिवाय केंद्राकडून राज्याला यायची जीएसटीची थकबाकी. दोन्ही बाजू एकाच लिटरबद्दल बोलत होत्या आणि प्रत्येकाला आपापल्या सोयीचा तुकडा सापडत होता.

महिनाभरात यातली एक बारीक गोष्ट उघडी पडली. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवर आठ आणि डिझेलवर सहा रुपये कमी केले. दुसऱ्या दिवशी राज्याने जाहीर केलं की आम्हीही पेट्रोलवर २ रुपये ८ पैसे आणि डिझेलवर १ रुपया ४४ पैसे कमी करतो आहोत. तेव्हा मुंबईत व्हॅट पेट्रोलवर २६ टक्के आणि डिझेलवर २४ टक्के होता. आठ रुपयांचे २६ टक्के काढा, २ रुपये ८ पैसे येतात. सहाचे २४ टक्के, १ रुपया ४४ पैसे. ही वेगळी कपात नव्हतीच. राज्याचा टक्केवारीतला व्हॅट केंद्राचा कर जोडून झालेल्या किमतीवर लागतो, त्यामुळे खालचा कर उतरला की वरचा आपोआप उतरतो. कर वाढतो तेव्हाही असंच होतं, केंद्राने वाढवलेला दर ग्राहकापर्यंत पोहोचला की राज्याची तिजोरी न मागता भरते. म्हणून दरवाढीविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या पक्षाचं राज्यात सरकार असेल, तर त्याला विचारायला हवं की वाढीव व्हॅटचं काय केलं. खरी कपात जुलै २०२२ मध्ये झाली. एकनाथ शिंदे सरकारने पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपये उतरवले, आणि त्यासाठी सुमारे सहा हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावं लागेल असं सांगितलं. २०२४ मध्ये मुंबई-ठाणे-नवी मुंबईचा जादा दरही कमी करून उरलेल्या राज्याच्या बरोबरीला आणला गेला.

राज्याच्या लिटरमागच्या ठरावीक अधिभाराची कहाणी तर आणखी बोलकी आहे. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून दोन रुपये लागले. पाऊस पडला, दुष्काळ सरला, अधिभार राहिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांलगतची दारूची दुकानं बंद झाली, आणि बुडालेला महसूल भरून काढायला पेट्रोलवरचा अधिभार वाढला. २०२० मध्ये टाळेबंदीत तिजोरी आटली, पुन्हा दोन रुपये. दुष्काळ, दारू, टाळेबंदी. यात रस्ता कुठेच नाही. राज्य सरकार सार्वजनिक बांधकाम खात्यामार्फत रस्ते बांधतंच, पण इंधनाच्या व्हॅटचा आणि रस्त्याचा कायद्याने बांधलेला काही संबंध नाही. २०२१-२२ मध्ये या व्हॅटमधून महाराष्ट्राला ३४ हजार कोटींच्या आसपास मिळाले. पगार, पेन्शन, शाळा, कर्जाचं व्याज, सगळं त्यातून चालतं. पेट्रोल जीएसटीत आणा, दर एकदम उतरेल, हे म्हणायला सोपं असलं तरी सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या जीएसटी परिषदेत विषय आला तेव्हा राज्यांनी तो बाजूला ठेवला, त्याचं कारण हेच. त्यात निरनिराळ्या पक्षांची राज्यं होती.

मग खड्डा कोणाचा?

सरकार रस्त्यांवर खर्चच करत नाही, हा आरोप केंद्राच्या बाबतीत टिकत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाला सुमारे २ लाख ८७ हजार कोटी दिले गेले. २०२३-२४ मध्ये पेट्रोलियमच्या उत्पादन शुल्कातून केंद्राला मिळाले होते सुमारे २ लाख ७४ हजार कोटी. वर्षं वेगळी असली तरी दोन्ही आकडे एकाच घरातले आहेत. पण हा पैसा मुख्यतः राष्ट्रीय महामार्गांवर जातो, आणि देशातल्या सुमारे ६३ लाख किलोमीटर रस्त्यांपैकी राष्ट्रीय महामार्ग दीड लाख किलोमीटरही नाहीत. त्यांच्यावर वाहतूक जास्त असते हे मान्य. तरी कुर्ल्याहून साकीनाक्याला जाणाऱ्या माणसाचा दिवस महामार्गावर जात नाही.

मुंबईतले सुमारे दोन हजार किलोमीटर रस्ते महापालिकेचे आहेत. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गही २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून) पालिकेकडे आले. पालिकेचं उत्पन्न कशातून येतं? मालमत्ता कर, इमारतींच्या परवानग्या आणि वाढीव चटईक्षेत्राचं शुल्क, ठेवींचं व्याज, आणि जकातीच्या, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या जुन्या कराच्या, बदल्यात राज्याकडून मिळणारी भरपाई. इंधनाचा आणि पालिकेचा एकच धागा होता, तो म्हणजे जकात. माहुल-चेंबूरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या तेलावर पालिका जकात घ्यायची, आणि वर्षाला सात हजार कोटींच्या घरात जाणाऱ्या एकूण जकातीत तिचा वाटा मोठा होता. १ जुलै २०१७ ला जकात गेली. भरपाईचा ६४७ कोटींचा पहिला हप्ता राज्याने दिला, आणि ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढेल असं कायद्यात आहे. पैसा येतो, पण आता तो राज्याच्या हातून येतो, आणि शहरात किती पेट्रोल जळतं याच्याशी त्याचा काही संबंध उरलेला नाही.

आता रस्त्यांचा खर्च पाहा. २०२३ मध्ये सुमारे चारशे किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणासाठी पालिकेने सहा हजार कोटींहून अधिकची कंत्राटं दिली. सागरी किनारा मार्गही पालिकेने स्वतःच्या पैशातून बांधला आणि त्यावर टोल ठेवला नाही. त्याच वेळी पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झालेला होता. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. एवढ्या मोठ्या रस्तेखर्चाचे निर्णय झाले त्या काळात वॉर्डातल्या माणसाने जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न मला खड्ड्यांपेक्षाही गंभीर वाटतो.

टोलचंही असंच आहे. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरचा टोल शहरातल्या पन्नासहून अधिक उड्डाणपुलांचा खर्च वसूल करायला २००२ मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, हलक्या वाहनांना तो माफ झाला. वाशी-दहिसरच्या रांगा कमी झाल्या आणि लोकांना बरं वाटलं, ते स्वाभाविक आहे. मात्र कंत्राटदाराला भरपाई राज्याच्या तिजोरीतून द्यायची आहे. गाडीवाल्याचे पंचेचाळीस रुपये वाचले आणि तो भार गडचिरोलीतल्या, कधी मुंबई न पाहिलेल्या करदात्यावरही पसरला. लोकलने आणि बेस्टने फिरणाऱ्या बहुसंख्य मुंबईकरांचा तर त्यात काहीच फायदा नव्हता. इंधनकराचा बोजा मात्र त्यांच्यावरही असतो, नाशिकहून वाशीच्या मार्केटला येणाऱ्या टेम्पोच्या डिझेलमधून तो रोजच्या भाजीत उतरतो.

अमेरिकेत याच्या अगदी उलट अडचण झाली आहे. तिथे १९५६ पासून इंधनकराचा पैसा महामार्गांच्या वेगळ्या निधीत जातो. निधी राखीव आहे, पण संघराज्याचा कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच अडकला आहे, कारण वाढवायची हिंमत कोणताच पक्ष करत नाही. २००८ पासून तो निधी सर्वसाधारण तिजोरीतून भरावा लागतो. आपल्याकडे दर हवा तसा वरखाली होतो, पण निधीवरचा पहारा ढिला. २०१८-१९ मध्ये केंद्राने निरनिराळ्या उपकरांतून सुमारे पावणेतीन लाख कोटी गोळा केले आणि त्यांतले सुमारे १ लाख ६४ हजार कोटीच संबंधित निधींत वळवले, असं महालेखापरीक्षकांनीच दाखवून दिलं होतं.

माझं म्हणणं असं, की पेट्रोल स्वस्त करा या मागणीपेक्षा हिशेब दाखवा आणि शहराचा वाटा द्या ही मागणी जास्त पुढे नेणारी आहे. केंद्राच्या रस्ते निधीतून राज्यांना पैसे देताना सध्या इंधनाच्या खपाला ३० टक्के आणि भौगोलिक क्षेत्रफळाला ७० टक्के वजन दिलं जातं. मोठ्या, विरळ वस्तीच्या राज्यांना रस्ते हवेतच, म्हणून हे पूर्ण चूक नाही. पण दाटीवाटीच्या शहरात जळणाऱ्या इंधनाला यात फारशी किंमत राहत नाही. राज्याला मात्र कोणी अडवलेलं नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, ज्या शहरात जेवढं इंधन विकलं गेलं, त्यावरच्या व्हॅटमधले लिटरमागे ठरावीक पैसे थेट त्या महापालिकेच्या रस्ते खात्यात जमा करता येतील, आणि ते कोणत्या रस्त्यावर गेले हे वॉर्डनिहाय छापता येईल. जयकरांच्या समितीचं तत्त्वच शहराच्या पातळीवर आणायचं आहे.

हे लवकर करायला हवं, कारण कराचा पायाच सरकतो आहे. मुंबईतल्या रिक्षा-टॅक्सी कधीच सीएनजीवर गेल्या, आणि एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा राज्याचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आला. बेस्टच्या ताफ्यात विजेच्या बस वाढत आहेत. ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या मोटारींना अटल सेतूवर टोलही नाही. हवा स्वच्छ व्हायची तर हे सगळं हवंच. पण विजेची गाडीही रस्ता झिजवते, आणि पंपावर तिचा एक रुपयाही जमा होत नाही. मग तिच्याकडून किलोमीटरमागे काही घ्यायचं, वजनावर घ्यायचं, की चार्जिंगच्या बिलात घ्यायचं? राज्याच्या विद्युत वाहन धोरणाची मुदत मार्च २०३० पर्यंत आहे. त्या तारखेच्या आत विधिमंडळात कोणीतरी हा प्रश्न मांडावा लागेल, आणि त्या चर्चेत महापालिकांना जागा हवी.